जामीन मिळून ७३ दिवस झाले, पोरगा अजून आतच आहे. जामीनदार कुठून आणू?

डबेवाली_काकू | १४ जून २०२५, रात्री ११.२०

नमस्कार. मला कोर्टकचेरीतलं काही कळत नाही, म्हणून इथे विचारते. शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

माझी छोटी खानावळ आहे. दुपारी साठ डबे, रात्री चाळीस. डबे पोहोचवायला एक पोरगा होता, तीन वर्षं होता माझ्याकडे. जिंतूर तालुक्यातला. आईबाप ऊसतोडीला जातात, वर्षातले पाच-सहा महिने घराला कुलूप. पोरगा बावीस वर्षांचा. महिन्याच्या एक तारखेला शंभर घरांचे पैसे गोळा करून आणायचा, कधी दहा रुपये इकडचे तिकडे झाले नाहीत.

दिवाळीनंतर त्यानं साडेनऊ हजाराला जुनी मोटरसायकल घेतली. विकणारा म्हणाला, कागद पंधरा दिवसांत देतो. मी म्हटलं होतं, कागदाशिवाय घेऊ नको रे बाबा. पण सायकलवर दोन फेऱ्या माराव्या लागायच्या, दुसऱ्या फेरीची आमटी गार व्हायची, गिऱ्हाइकं त्याला बोलायची. घेतलीच त्यानं. २४ फेब्रुवारीला नाकाबंदीत धरला. गाडी चोरीची निघाली. विकणाऱ्याचा फोन बंद. पोरावर चोरीचं आणि चोरीचा माल बाळगल्याचं अशी दोन्ही कलमं लावली. त्याच्यावर याआधी एकही केस नाही.

२ एप्रिलला जामीन झाला. देवापुढे साखर ठेवली. रात्रीपर्यंत येईल म्हणून त्याच्या वाटणीच्या भाकरी झाकून ठेवल्या. मग कळलं, पंधरा हजारांचा एक जामीनदार द्यायचा असतो. मी म्हटलं, मी उभी राहते की. तर माझं घर भाड्याचं, खानावळीचा गाळा भाड्याचा, पगाराची स्लिप नाही. टेबलावरच्या माणसानं कागद पाहिले आणि परत दिले. मग त्याच्या वडिलांना बोलावलं. रात्रभर एसटीनं आले, सातबारा घेऊन. ३२ गुंठे, तिघा भावांचं सामाईक. "बाहेरच्या जिल्ह्याचा चालत नाही, लोकल माणूस आणा." एवढंच सांगितलं. ते दुपारपर्यंत कोर्टाच्या पायरीवर बसून राहिले, मग संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मे महिना कोर्टाच्या सुट्टीत गेला. आमच्या वकिलांनी फीचे आठ हजार घेतले होते, आता फोन उचलत नाहीत.

कोर्टाच्या गेटजवळ एक माणूस भेटला. त्याच्या पिशवीत दहा-बारा रेशनकार्डं, आधार, घरपट्टीच्या पावत्या, सगळं लॅमिनेशन केलेलं. म्हणाला, सहा हजार द्या, उद्या जामीनदार उभा करतो, लोकल. खरं सांगते, मनात आलं देऊन टाकावेत. डब्यांच्या बरणीत तेवढे आहेत माझ्याकडे. पण कोर्टापुढे परका माणूस "मी याला ओळखतो" असं खोटं सांगणार, ते नाही जमलं मला.

परवा तुरुंगात त्याच्या मुलाखतीला गेले होते. जाळीच्या पलीकडून पहिला प्रश्न काय विचारला, तर "मावशी, माझ्या जागी दुसरा ठेवला का?"

जामीन झाला म्हणजे कोर्टानंच सोडा म्हटलं ना? मग त्याला अडवलंय कोणी? आणि मी आता कुठे जाऊ?

---

नाशिककर_७२ | १५ जून, सकाळी ७.४५

काकू, तुमचं मन दुखवायचं नाही. पण दुसऱ्या बाजूचा माणूस म्हणून लिहितो.

२०२१ साली माझी मोटरसायकल दुकानासमोरून गेली. हप्ते चालू होते. गाडी नसताना चौदा महिने हप्ते भरले मी. सापडली, तर पोलीस ठाण्याच्या आवारात आठ महिने पडून. पावसाळा वरून गेला. मी पाहायला गेलो तेव्हा टाकीत पाणी, सीट फाटून त्यात गवत उगवलेलं. ज्याला पकडलं तो तीन आठवड्यांत जामिनावर सुटला आणि नंतर एकाही तारखेला फिरकला नाही. त्याचा जामीनदार शोधायला पोलीस गेले, तर त्या पत्त्यावर भलतंच कुटुंब राहत होतं. मी साक्षीला दोनदा दुकान बंद ठेवून गेलो. दोन्ही वेळा पुढची तारीख. केस आजही उभी आहे.

त्यामुळे जामीन सोपा करा, गरिबांना सोडा, असं कोणी म्हटलं की मला राग येतो. तुमचा पोरगा निर्दोष असेलही. पण उद्या गावी निघून गेला तर जिंतूरला जाऊन त्याला आणणार कोण? लोकल जामीनदार मागतात त्यात चूक काय आहे?

---

वकिली_वर्ष_तिसरे | १५ जून, दुपारी १.१०

काकू, गेटवरच्या माणसाला पैसे दिले नाहीत हे फार चांगलं केलंत. असे जामीनदार पुढे बोगस निघतात, मग जामीन रद्द होतो आणि आणणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो.

कोठडीत असलेल्या कोणालाही सरकारी खर्चानं वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्येच ते आहे. १५१०० या नंबरवर फोन करा, किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे थेट जा. शिवाय केंद्र सरकारची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, त्यात न्यायाधीन (खटला अजून न संपलेल्या) बंद्याच्या जामिनासाठी रक्कम मिळू शकते. चौकशी करून पाहा.

---

निवृत्त_कारकून | १५ जून, रात्री ९.३०

काकू, तुमची पोस्ट सकाळी वाचली. दिवसभर उत्तर लिहायला बसवेना. तुमच्या पोराच्या वडिलांना ज्या टेबलावरून परत पाठवलं, तसल्या टेबलावर मी स्वतः बसत होतो. एका तालुका कोर्टात, नंतर जिल्ह्याला, फौजदारी शाखेत ३१ वर्षं. सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. आता विधी स्वयंसेवक आहे. दर शनिवारी कारागृहात जातो.

तुमचा पहिला प्रश्न, त्याला अडवलंय कोणी. याचं उत्तर आधी देतो, कारण ते माझ्यापाशी आहे.

जामिनाच्या आदेशात सहसा एवढंच असतं: इतक्या रकमेचा जातमुचलका, म्हणजे आरोपीचं स्वतःचं हमीपत्र, आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. "स्थानिक" हा शब्द पुष्कळ आदेशांत नसतोच. तो टेबलावर येतो. मी नोकरीला लागलो तेव्हा मला वरिष्ठ कारकुनांनी शिकवलं की बाहेरच्या जिल्ह्याचा सातबारा घ्यायचा नाही, आरोपी पळाला तर जामीनदाराला नोटीस बजावणं अवघड जातं. त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी शिकवलं होतं. कुठल्याही परिपत्रकात मी ते वाचलं नव्हतं, पण तीस वर्षं पाळलं. जामीनदार स्वीकारायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार न्यायाधीशांचा. कारकुनानं कागद तपासून वर ठेवायचे असतात. पण आम्ही तोंडी "चालत नाही" म्हणून कागद परत दिला की तो न्यायाधीशांच्या नजरेला पडतच नाही. त्याची नोंद कुठे होत नाही. न्यायाधीशांना वाटतं, आपण जामीन दिला, माणूस सुटला असेल. कारागृहाला वाटतं, सुटकेचा आदेश आला नाही म्हणजे कोर्टात काही बाकी असेल. माणूस मधल्या जागेत राहतो.

माझ्या टेबलापुढे एकदा असेच एक गृहस्थ आले होते, किनवटकडचे. सातबारा दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणला होता, पाऊस होता म्हणून. मी पिशवी न सोडताच जिल्हा विचारला आणि परत दिला. त्यांनी हुज्जत घातली नाही. "बरं साहेब" म्हणाले. त्यांचा मुलगा पुढे पाच महिने आत होता. मला हे कळलं ते आरोपीला तारखेला आणलं तेव्हा. नंतर खटल्यात तो सुटला. मी त्या दिवशी ती पिशवी सोडून कागद वर ठेवला असता तर काय झालं असतं, हे निवृत्तीनंतर दहादा मनात आलंय.

आणि हे सगळं करताना सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आम्हाला माहीत नव्हता असं नाही. १९७८ चा मोतीराम खटला. मध्य प्रदेशातला एक गवंडी. त्याला जामीन मिळाला, मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला. १९७८ सालचे दहा हजार, गवंड्याला. त्याचा भाऊ उभा राहायला तयार होता, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. जिंतूरच्या सातबाऱ्याचं जे झालं तेच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं, देशातला नागरिक शेजारच्या जिल्ह्यात परका कसा होतो असाच त्यांचा रोख होता, आणि त्या गवंड्याला एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी बिहारचं हुसैनआरा खातून प्रकरण आलं. गुन्ह्याला जेवढी कमाल शिक्षा, त्याहून जास्त काळ माणसं खटला न चालताच आत होती. या दोन निकालांना सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं झाली. २०२२ अखेरची राष्ट्रीय आकडेवारी अशी की देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे अजून दोषी न ठरलेली. चारातली तीन.

आता तुम्ही काय करायचं ते.

सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला नेमक्या तुमच्या अडचणीवर निर्देश दिलेत. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं कारागृह अधीक्षकांकडे जायला हवा. त्यांनी जामिनाची तारीख ई-प्रिझन्स संगणक प्रणालीत नोंदवायची. सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. प्राधिकरणानं माणूस पाठवून अडचण काय ते पाहायचं. एक महिना उलटूनही मुचलका भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, तेव्हा अशी अट कोर्टांनी घालू नये, हेही त्यातच आहे. तुमचा महिना २ मे ला पूर्ण झाला.

उद्या सोमवार. साडेदहाला जिल्हा न्यायालयात जा. "लोकअभिरक्षक कार्यालय" अशी पाटी शोधा. तिथले वकील फक्त आरोपींच्या बाजूनं, विनाशुल्क काम करतात. सोबत चार गोष्टी न्या: केस नंबर, २ एप्रिलच्या आदेशाची प्रत, वडिलांचा सातबारा आणि तुमचं साध्या कागदावरचं निवेदन की पोरगा तीन वर्षं तुमच्याकडे कामाला होता, सुटल्यावर तुमच्याकडेच राहील. सातबारा डिजिटल सहीचा काढा, महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत निघतो, मग खरा-खोटा हा वाद उरत नाही. अर्ज लेखी द्यायला सांगा. त्यात मागणी अशी असू दे: वडिलांना जामीनदार म्हणून स्वीकारावं, ते शक्य नसेल तर नुसत्या जातमुचलक्यावर सोडावं, तेही नसेल तर जामीनदाराऐवजी परवडेल एवढी रोख रक्कम भरून घ्यावी. या तिन्ही गोष्टी कायद्यात आहेत.

अर्ज लेखी का, ते पुन्हा सांगतो. लेखी अर्ज न्यायाधीशांपुढे जातोच. त्यावर हो किंवा नाही लिहावं लागतं, आणि नाही लिहायचं तर कारण लिहावं लागतं. टेबलावर तोंडी "चालत नाही" म्हणणं सोपं असतं. तेच वाक्य सही करून लिहायचं म्हटलं की हात थांबतो. माझा थांबला असता.

वकील ताईंनी सांगितलेली योजना चांगली आहे, पण ती कशी चालते ते माहीत हवं. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव आणि एक न्यायाधीश यांची समिती मंजुरी देते, म्हणजे त्यांची बैठक व्हावी लागते. आणि ती पैसे देते. कोर्टानं माणूस मागितला असेल तर पैसे घेऊन उपयोग नाही. आधी अट बदलून घ्यावी लागते.

नव्या कायद्याबद्दल कोणीतरी विचारेलच म्हणून. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर सोडायचं, इतरांना निम्मा काळ. जन्मठेप-फाशीच्या गुन्ह्यांना लागू नाही. कोर्टाकडे अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे, हे चांगलं झालं. १ जुलै २०२४ च्या आधीच्या केसेसनाही ते लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तुमच्या पोराच्या कलमांना तीन वर्षं आहेत, म्हणजे एक तृतीयांश धरलं तर पुढचा फेब्रुवारी उजाडेल. तोवर थांबायचं कारण नाही, जामीन हातात आहे.

पण त्या कलमाला एक पोटकलम आहे ज्यावर कोणी बोलत नाही. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर हा फायदा मिळत नाही. शब्दशः वाचलं तर चोरी आणि चोरीचा माल ही एकाच केसमधली दोन कलमंसुद्धा त्यात अडकू शकतात. मी शनिवारी ज्या बरॅकीत जातो तिथे गाडीचोरीची पोरं बसलेली असतात. एकाला धरला की तपास न लागलेल्या आणखी चार गाड्यांच्या गुन्ह्यांत त्याला वर्ग करून घेतात. खरं असेल, खोटं असेल, ते खटल्यात ठरेल. पण खटला सुरू होईपर्यंत त्याला एक तृतीयांशही नाही आणि निम्माही नाही. चार केसेसचे चार जामीन झाले तर चार जामीनदार हवेत. ज्याला एक मिळत नाही तो चार कुठून आणणार? २०२४ च्या ऑगस्टमध्येच असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. १३ प्रकरणांत जामीन मिळालेला माणूस जामीनदार पुरत नाहीत म्हणून आत होता. न्यायालयानं तेच जामीनदार अनेक प्रकरणांत चालतील असं सांगितलं. जामीनदार म्हणून शेवटी कोण उभं राहतं, जवळचा नातेवाईक नाहीतर जुना मित्र, हेही त्या निकालात आहे.

नाशिककर, तुमचा राग मला समजतो आणि तो चुकीचा नाही. पण तुमचीच हकिगत पुन्हा वाचा. तुमच्या आरोपीचा जामीनदार लोकल होता. कागदावर पक्का लोकल होता. म्हणूनच टेबलावर चालला. पत्त्यावर भलतं कुटुंब निघालं, कारण तो काकूंना भेटलेल्या माणसाच्या पिशवीतून आलेला होता. आपण खऱ्या बापाला परत पाठवतो म्हणून ती पिशवी भरते. तीस वर्षांत मी पाहिलंय, आरोपी तारखेला येतो तो बापाची जमीन अडकलीय म्हणून, नाहीतर मालकिणीनं शब्द दिलाय म्हणून. सहा हजार घेऊन उभा राहिलेला माणूस कोणालाच कोर्टात आणत नाही.

मला विचाराल तर सुधारणेसाठी नवा कायदा नको. प्रत्येक फौजदारी कोर्टात एक वही हवी: जामीनदार कोण आला, काय कागद आणले, नाकारला तर का, आणि खाली न्यायाधीशांची सही. ती वही दर महिन्याला जिल्हा न्यायाधीशांपुढे ठेवायची. मी नोकरीत असताना हे सुचवायला हवं होतं.

---

नाशिककर_७२ | १६ जून, रात्री १०.०५

काका, दोनदा वाचलं. जामीनदाराचा पत्ता खोटा निघाला याचा मी नेहमी एवढाच अर्थ लावला होता की कायदा ढिला आहे. असा विचार केला नव्हता.

पण खटला चार वर्षं उभा राहतो त्याचं काय? मला शिक्षा किती होते यात रस उरला नाही, संपलं असं कोणीतरी म्हणावं एवढीच इच्छा आहे. आणि गाडी आठ महिने सडली त्याचं काय करता येत होतं?

---

निवृत्त_कारकून | १६ जून, रात्री १०.५०

गाडीबाबत: ताबा मिळवण्याचा अर्ज गाडी सापडल्याच्या आठवड्यात कोर्टात देता आला असता. फोटो आणि पंचनामा करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, मूळ मालकाला परत द्यावी, वाहनं ठाण्याच्या आवारात सडू देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलंय, सुंदरभाई देसाई प्रकरणात. हे तुम्हाला ठाण्यात कोणीतरी सांगायला हवं होतं. फिर्यादीला एक छापील कागद मिळाला तरी पुरे, की तुमचा माल परत मिळवायला हा अर्ज, इथे द्या.

खटल्याबाबत: साक्षीला जाऊन परत आलात तेव्हा कारण काय सांगितलं? आरोपी गैरहजर असेल तर त्याच्याविरुद्ध वॉरंट निघून ते बजावलं गेलंय का, हे सरकारी वकिलांना विचारा. फिर्यादीनं विचारलं की वॉरंट हलतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण हलतं.

---

डबेवाली_काकू | ३० जून, रात्री ११.४५

उशिरा लिहिते, पण सगळं नीट लिहिते.

१६ तारखेला गेले होते. पाटी सापडली. तिथल्या वकीलबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आदेशाची प्रत वाचली आणि माझ्यापुढे धरली, "काकू, यात लोकल कुठे लिहिलंय दाखवा." नव्हतंच लिहिलेलं. काका, तुम्ही म्हणालात तेच. अडीच महिने आम्ही न लिहिलेल्या शब्दापायी हिंडत होतो.

१९ ला अर्ज दिला. २७ ला बोर्डावर आला. त्याचे वडील पेरणी अर्धी टाकून आले, पायाला शेतातली माती तशीच. न्यायाधीश मॅडमनी सातबारा हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, हे कागद याआधी का दिले नाहीत? त्यावर वडील म्हणाले, "दिले होते, माघारी दिले." कोर्टात एकदम शांत झालं. मॅडमनी टेबलाकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत, लिहायला लागल्या. वडिलांना जामीनदार म्हणून घेतलं. वकीलबाईंनी सुटकेचा आदेश ईमेलनं गेला का ते संध्याकाळी स्वतः फोन करून विचारलं.

२८ ला, शनिवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाहेर आला. एकूण १२४ दिवस. जामीन झाल्यापासून ८७. हातात एक कापडी पिशवी, त्यात टॉवेल आणि दंतमंजन. वडिलांच्या पाया पडला, माझ्या पडायला लागला तर मी धरला. खांद्याचं हाड हाताला लागलं. रिक्षात बसल्यावर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तीन नंबर बिल्डिंगमधल्या आजोबांना अजून बिनभाताचा डबा जातो ना? शुगर आहे त्यांना." मी म्हटलं, जातो. तर सांगायला लागला की आत रोज रात्री झोपताना तो डब्यांची सगळी लाइन मनात म्हणायचा. कुठलं घर, कितवा मजला, कोणाला कमी तिखट, कोणाचा एकादशीचा डबा बंद. विसरायला नको म्हणून. शंभरच्या शंभर घरं म्हणून दाखवली त्यानं, रिक्षा घराशी येईपर्यंत. सात घरं मधल्या काळात सोडून गेलीत, ते मी सांगितलं नाही.

आज सकाळी सायकलवर गेला होता.

एक विचारायचं आहे. २७ ला कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई भेटल्या, यवतमाळकडच्या. त्यांच्या मुलाचा जामीन मार्चमध्ये झालाय. दोनदा येऊन गेल्या, तेच उत्तर मिळालं, लोकल आणा. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. मी १५१०० नंबर पोराच्या जुन्या डबा-वहीच्या पानावर लिहून दिला. पण त्या एकट्या जातील असं वाटत नाही मला. त्यांच्यासाठी काय करू?

---

निवृत्त_कारकून | १ जुलै, सकाळी ६.५०

काकू, वाचलं. वडिलांनी "माघारी दिले" म्हटलं ते वाक्य आदेशात आलंय का, वकीलबाईंना प्रत पाहून सांगायला सांगा. आलं असेल तर ती प्रत मला हवी आहे.

त्या बाईंचं नाव-गाव इथे लिहू नका. मला निरोपातून फक्त तीन गोष्टी कळवा: कोर्ट कोणतं, केस नंबर काय, आणि जामीन कोणत्या तारखेचा. केस नंबर माहीत नसेल तर मुलाचा कारागृहातला बंदी क्रमांक चालेल. येत्या शनिवारी मी आत जाणार आहे, मुलाला भेटून त्याचा अर्ज तिथेच लिहून घेतो. बाईंना कोर्टात यायची गरज फक्त सही-अंगठ्याच्या दिवशी पडेल. त्या दिवशी तुम्ही सोबत असलात तर त्यांना धीर येईल.

आणि तुमच्या पोराची पुढची तारीख कधी आहे? आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवशी दुपारचे डबे दुसऱ्याला सांगा. अकराच्या आधी तो कोर्टात हवा, पुकारा होईल तेव्हा बाहेर चहाला गेलेला नको.